मागाच्या खड्ड्यावरची फटफटी

१

विणकराचे पाय झोपेतही थांबत नाहीत. नवी नवरी होऊन आले तेव्हा मी घाबरून उठून बसायची. माणूस घोरत असायचा आणि पांघरुणाखाली पाय आपले उजवा-डावा, उजवा-डावा चालूच. मग सवय झाली. दिवसभर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं, एक पावडी दाबली की अर्धे धागे वर, दुसरी दाबली की उरलेले वर, मधून धोटा पळवायचा. पायांना वेगळं काही शिकवलंच नव्हतं कोणी.

माझे यजमान जागेश्वर. लहानपणी डाव्या अंगठ्यावर पाटा पडला होता, तेव्हापासून नख मधोमध दुभंगलेलं. त्यामुळे डावा पाय जरासा मागं रेंगाळायचा. उजव्याचा ठोका भरीव, डाव्याचा किंचित उशिरा, दबकत आल्यासारखा. मी शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण सक्करदऱ्याच्या आमच्या वस्तीत दहा घरचे माग एकदम चालत असले तरी त्यातला आमचा मी बरोबर ओळखायची.

तेव्हा नागपूर राजधानीचं शहर होतं. गिरणीचं लुगडं स्वस्त झालं आणि आमच्या दातेरी, करवती काठाला गिऱ्हाईक उरलं नाही. शहरातल्या सदर भागातल्या गुलाबचंद शेठनं यजमानांना काम देऊ केलं. वाडी गावच्या गोदामातून सूत उचलायचं, उमरेडपर्यंत विणकरांना पोचवायचं, माल तपासून आणायचा. अट एकच, फटफटी चालवता आली पाहिजे. यजमानांनी माग विकला आणि फटफटी घेतली. लहानशीच होती, हिरवी, गोऱ्ह्याएवढी. इतकी हलकी की मी एकटीनं ढकलावी.

माग उठला त्या दिवशी सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. रुख्माबाई त्यांचं नाव, मी त्यांना आत्याबाई म्हणायची.

"जागेश्वर, आजच खड्डा बुजव बाबू. माग उठला का खड्डा उघडा ठेवत नाई."

"काहून वं माय?"

"काहून म्हंजे? नाई ठेवत. तुह्या बापानं नाई ठेवला, आज्यानं नाई ठेवला."

"त्याहीपाशी फटफटी होती का?" ते हसले. "माय, सदरच्या मिस्त्रीनं गाडीच्या खालून काम कराले सिमेटचा खड्डा बांधून ठेवला हाये. आपल्या घरी आयता हाये."

त्यांनी खड्ड्यावर फळ्या टाकल्या आणि फटफटी त्यांच्यावर उभी केली. गळलेलं तेल खड्ड्यात. नट ढिला झाला की मधली फळी सरकवून ते खाली उतरायचे आणि खालून आवळायचे. वस्तीतली माणसं पाहायला आली. सगळे म्हणाले, डोकं आहे गड्याला.

२

फटफटी शिकायची तलावाकाठच्या मैदानात. उजव्या पायाखाली गेर, डाव्या पायाखाली ब्रेक. आता तुम्हीच सांगा, जन्मभर पावड्या मारलेला माणूस त्यावर बसला तर काय होणार? गाडी निघाली की त्यांचे पाय सुरू. उजवा दाबला, गाडीनं हिसका दिला. डावा दाबला, गाडी थांबली. पुन्हा उजवा, पुन्हा डावा. बैलानं आचके द्यावेत तशी ती मैदानभर जायची.

शेजारचे नानाजी आमच्यासारखेच विणकर. बाभळीखाली बसून ते ओरडायचे, "काय गा जागेश्वर, साधा काठ टाकून राहिला का करवती?"

"करवती हाये! तिकडून धोटा फेका ना नानाजी, नुसते पाहून काय राहिले!"

पोट्टे लोळायचे हसून. यजमानही हसायचे. पण एका दिवशी तलावाच्या गाळात जाऊन पडले आणि तसेच, चिखल माखलेले, गाडी ढकलत घरी आले. तेव्हा हसले नाहीत. गुलाबचंद शेठचा निरोप आला होता. वैशाख संपायच्या आत गाडी हाती आली नाही तर काम दुसऱ्याला.

माग गेला होता. काम गेलं तर घरात विणायला काही नव्हतं आणि खायलाही नव्हतं.

"डोस्क्याले समजते वं सगळं," ते मला म्हणाले. "पायाले समजत नाई."

३

त्या दुपारी मी पाणी घेऊन मागाच्या खोलीत गेले. फटफटी भिंतीला टेकवलेली. फळ्या काढलेल्या. यजमान खड्ड्याच्या काठावर माग असल्यासारखे बसले होते, पाय आत सोडून. आणि पाय चालू होते. पावड्या नव्हत्या, दोऱ्या नव्हत्या, काही नव्हतं. पाय हवेत वरखाली.

"अवो, हे काय?"

"करू दे त्याहीले. भागली का हौस, का मंग थांबते." थोडा वेळ पाहत राहिले खाली, जसं दुसऱ्याचं काम पाहावं. मग एकदम त्यांना हसू फुटलं. "असं करतो मैना. पाय इथंच ठेवून जातो. बसा म्हनतो विनत. मी चाललो वाडीले!"

आत्याबाई बाजूला तूर निवडत होत्या. त्यांचे हात थांबले.

"पोकळ जागी असं बोलत नाई, बाबू."

"मजाक केली वं माय."

ते उठले. उठायला जरा वेळ लागला. पावसाळ्यात शेताच्या धुऱ्यावरून जाताना पाय रुततो आणि ओढून काढावा लागतो, तसं काहीसं. बधिर झाले असतील, मी म्हटलं. बसून बसून होतातच.

दुसऱ्या दिवशी ते फटफटीवर बसले आणि सरळ वाडीला गेले. सरळ परत आले. एक हिसका नाही.

४

आठ दिवसांत त्यांची वस्तीत शान झाली. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी आवाज आला की लेकरं धावायची. मला मागं बसवून ते एकदा सदरला घेऊन गेले. लुगडं सावरू की देवाचं नाव घेऊ, असं झालं होतं. पण मधेच माझी नजर खाली गेली. गर्दीत समोर टांगा आला, त्यांनी ब्रेक दाबला, गाडी थांबली. पाय दबला तो जेवढा दबायला हवा तेवढाच. मग निपचित. आधी मला बरं वाटलं.

त्या रात्री पांघरूण हललं नाही.

मी वाट पाहत राहिले. इतकी वर्षं ज्या हलण्यावर झोप लागायची ते नाही म्हटल्यावर डोळा लागेना. हळूच माझा पाय त्यांच्या पायाला लावला. वैशाखातली रात्र, भिंती तापलेल्या, आणि तो पाय रांजणाच्या बुडासारखा गार.

नंतर त्यांनी बूट घेतले. घरात आले तरी काढेनात. "थंड लागते," म्हणायचे. वैशाखात!

एकदा गाडी पुसताना त्यांची पोटरी तापलेल्या नळीला चिकटली. मला वास आला आधी. मी चुलीकडे पाहिलं, तव्यावर काही नव्हतं. वळून पाहते तर हे फडकं मारत शीळ घालताहेत आणि पोटरीची कातडी नळीवर चरचरतेय.

"अवो! पाय! पाय जळून राहिला!"

त्यांनी खाली पाहिलं. माझ्या ओरडण्याचं त्यांना नवल वाटलं, पायाचं नाही.

"हो का?" ते म्हणाले.

५

आवाज दुपारचा यायचा. ते कामावर, आत्याबाई ओसरीवर लवंडलेल्या, वस्तीतले माग जेवणासाठी थांबलेले. मी स्वयंपाकघरात भांडी घासत होते. मागाच्या खोलीतून आलं: खट. मग, जरा उशिरा, खट.

घूस असेल, म्हटलं. मग म्हटलं, तापलेली फटफटी थंड होताना टकटक वाजते तसं असेल. पण फटफटी तर वाडीला गेलेली. उन्हानं फळ्या तडकत असतील. असं एकेक मनाशी मांडत गेले आणि हातातलं भांडं घासतच राहिले. राख संपली तरी घासत राहिले.

फळी तडकते ती एकदा तडकते. ती उजवा-डावा करत नाही. आणि डाव्याच्या वेळी रेंगाळत तर नाहीच.

मी खोलीच्या दारात गेले. आवाज थांबला नाही. फळ्यांच्या फटीत काळं दिसत होतं. दर ठोक्याला वरची धूळ किंचित उडायची. मला तो ठेका माझ्या नावासारखा ओळखीचा होता. चांगलं दाट कापड विणताना यजमान ह्याच चालीनं बसायचे. म्हणजे काम मनासारखं चाललं होतं.

मी कडी लावून घेतली. ते आले, जेवले, पोळी मऊ झाली म्हणाले. बूट घातलेले पाय पाटापुढे नीट जुळवून ठेवलेले होते, दुकानात ठेवतात तसे.

६

दुसऱ्या दिवशी मी मधली फळी उचलली.

न उचलता राहवलं असतं तर बरं झालं असतं. पण आवाज माझ्या माणसाचा होता.

आधी गार हवा आली. ओली माती, त्यात गळलेलं तेल. वरच्या छपराच्या कवेलूंच्या फटीतून उन्हाची एक रेघ सरळ खड्ड्यात उतरली. त्या रेघेत एक पाय वर आला आणि खाली गेला. मग दुसरा.

घोट्यापर्यंत दिसत होते. त्याच्या वर अंधार होता, असं मी सांगते. पण तिथं अंधार असायचं काही कारण नव्हतं, उन्हाची रेघ तिथूनच तर खाली येत होती.

डाव्या अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं.

अंगठा आणि बाजूचं बोट, मधे दोरी धरून धरून पडलेली फट. टाचेवरची भेग, जिच्यात मी हिवाळ्यात मेण भरून द्यायची. सणासुदीला ज्या पायांवर डोकं ठेवलं ते पाय, मागाशिवाय, माणसाशिवाय, काम करत होते.

मी आवाज केला नाही. तरी ते थांबले.

आणि मग त्यांची बोटं माझ्याकडे वळली. कुत्र्याचे कान वळतात ना हाकेला, तशी.

७

आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं. अंगणात भिंती सारवायला आणलेल्या पिवळ्या मातीचा ढीग होता, भाताचं तणस मिसळून ठेवलेला. त्या उठल्या, फावडं घेतलं आणि कुंपणावरून नानाजींना हाक मारली.

"टोपलं घेऊन या भाऊजी. खड्डा बुजवाचा हाये."

मी फळीवर जाऊन बसले. "नाई आत्याबाई. ते आल्यावर बुजवा. त्याहीच्या समोर बुजवा."

"तो बुजवू देईन का?"

"पन त्याहीचे पाय हायेत ना खाली!"

"ते माह्या लेकाचे पाय नाई!" त्यांचा आवाज चिरकला. "माह्या लेकाचे पाय माह्या लेकापाशी हायेत. सकाळीच बूट घालून गेला तो."

"बुटात काय हाये ते तुमी पाह्यलं का?"

त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"पाह्याचं नाई. बुजवाचं. मी पयल्याच दिवशी म्हनलं होतं. ज्यानं त्याचं रूप घेतलं ते त्याले पुरं घेतल्याशिवाय सोडन का? ऊठ पोरी. माहा एकच लेक हाये."

माझाही एकच नवरा होता. पण त्यांनी मला काखेत हात घालून उचललं. ताणा ओढून आयुष्य गेलेले हात ते. नानाजी टोपलं धरून दारात उभे, एकदा इकडे बघत, एकदा तिकडे.

"वहिनी, आपन नेमकं काय बुजवून राहिलो?"

"खड्डा," आत्याबाई म्हणाल्या.

पहिलं टोपलं पडलं तेव्हा खालून खट आलं. दुसऱ्याला धप. मग आवाज मातीच्या आतून येऊ लागला, गोधडीत तोंड खुपसून कोणी बोलावं तसा. ठेका चुकायला लागला. घाई झाल्यासारखा झाला. नानाजींनी टोपलं खाली ठेवलं. मला म्हणाले, "काही ऐकू येते का वं, सूनबाई?" आणि माझं तोंड पाहून उत्तराची वाट न पाहता बाहेर निघून गेले. उरलेली माती आत्याबाईंनी एकटीनं ओढली. वर उभ्या राहून पायांनी चोपली. रडत होत्या आणि चोपत होत्या.

मग काही ऐकू आलं नाही.

८

फटफटीचा आवाज आला तेव्हा ऊन अजून कवेलूंवर होतं. त्यांची यायची वेळ नव्हती.

आवाज दारापाशी आला आणि थांबला नाही. पुढं गेला, दारासमोरच्या कडुनिंबाला वळसा घालून परत आला, पुन्हा दारापुढून गेला. मी बाहेर धावले. ते हँडल धरून ताठ बसले होते, तोंड पांढरं.

"मैना! धर वं! थांबवता येत नाई! पाय उचलत नाई माहे!"

कडुनिंबाला तिसरा वळसा घातल्यावर त्यांना पेट्रोल तोडायचं सुचलं. गाडी मंदावली. कोणीही अशा वेळी पाय जमिनीला टेकवतो. त्यांनी टेकवला नाही. गाडीसकट आडवे झाले, पोतं पडावं तसे.

नानाजींनी त्यांना ओढून ओट्यावर बसवलं.

"रुतले," यजमान म्हणत होते. "वाडीपासून येता येता रुतत गेले. पयले घोटे, मंग पोटरी. मातीत रुतल्यासारखे. नानाजी, पाय कुठं हायेत माहे?"

"हे काय गा, इथंच तर हायेत," म्हणत नानाजींनी डाव्या बुटाचे बंद सोडले आणि बूट उपसला.

बुटातून माती पडली. पिवळी, कोरडी, तणसाचे तुकडे असलेली. पडतच राहिली.

माती संपल्यावर आत काय होतं ते नानाजींनी पाहिलं. मी पाहिलं नाही, त्यांची पाठ मधे होती. त्यांनी बूट घाईघाईनं पुन्हा चढवला आणि मागं न वळता बोलले, "सूनबाई. खन."

मी आत पळाले. फावडं घेतलं आणि टाकलं. फावडं लागलं तर? हातांनीच माती उपसायला लागले. नखं तुटली. बाजूला कोणी धापा टाकत होतं, पाहिलं तर आत्याबाई. त्याही हातांनीच माती उपसत होत्या. खांद्यापर्यंत आत गेलो तेव्हा माझ्या हाताला टाच लागली. गार. भेग असलेली.

ओट्यावरून यजमानांचा आवाज आला, नवल वाटल्यासारखा.

"नानाजी, माहा पाय कोन धरून राहिलं?"

"कोनी नाई गा. मी तर खांदा धरला तुहा."

"नाई नाई. धरला हाये. दोन्ही धरले हायेत."

मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. त्यांच्याही हाती लागला होता.

आम्ही ओढलं.

आणि खालून कोणीतरी ओढलं.

आत्याबाई गालापर्यंत मातीत गेल्या. मी गुडघे काठाला रोवले, दात आवळले. ओट्यावर यजमान एकदाच किंचाळले. तसा आवाज मी कोणाच्या बाळंतपणातही ऐकला नाही. आत्याबाईंचे हात एकदम वर आले, पाय नाही, नुसती माती. माझ्या हातात जे होतं ते सुटून माझ्याकडे आलं. मी उलटी पडले. मूठ उघडली तर माती होती. पण उघडेपर्यंत ती माती गरम होत चालली होती.

"हळू वं!" ओट्यावरून ते रडत म्हणाले. "उजवा दुखते माहा! उजवा दुखते!"

९

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं सांगितलं, गाडी अंगावर पडून डाव्या पायाची नस दबली. तसं होतं म्हणे. मी मान डोलावली. त्याला मी काय सांगणार होते?

नानाजींनी फटफटी विकून दिली. यजमान कुबडी घेऊन चालायला लागले आणि ओट्यावर बसून वस्तीतल्या मागांसाठी धोट्यातल्या सुताच्या कांड्या भरायला लागले. आमच्याकडे ते बायकांचं काम. कोणी त्यावर मजाक केली नाही. आत्याबाई मरेपर्यंत एकच वाक्य बोलत राहिल्या, कोणी विचारो न विचारो. "माती होती वं हातात. नुसती माती."

डावा पाय दिसायला धड आहे. गार असतो. मी रोज धुते. त्याच्या अंगठ्याचं नख सरळ आहे, कोवळं, तान्ह्या लेकराचं असावं तसं. दुभंगलेलं नाही. यजमान त्याच्याकडे पाहत नाहीत. मीही धुताना कडुनिंबाकडे पाहते.

खड्डा पुन्हा भरला, शेणानं सारवला, वर ज्वारीची कोठी ठेवली. दुपारी वस्तीतले माग जेवणासाठी थांबतात तेव्हा त्या कोठीखालून आवाज येतो. खट. मग एक ठोका रिकामा. मग पुन्हा खट. तो उशिरा येणारा, रेंगाळणारा, डाव्याचा.

आणि त्याच वेळी ओट्यावर यजमान कांडी हातात घेऊन डुलकी काढत असतात. चादरीखाली त्यांचा उजवा पाय हलायला लागतो. मी दोघांच्या मधे, उंबऱ्यावर बसलेली असते. आतला ठोका पडतो. मग बाहेरचा. एकही चुकत नाही. कापड दाट विणलं जात असणार.